मेंढीची भूल आणि मेंढीचा श्वास

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माळांवर मेंढरे राखणाऱ्या धनगराची एखादी मेंढी अडते, कोकरू आडवे येते आणि पोट उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो भुलीचा. शस्त्रक्रियेचे कसब असूनही तिला गाढ निद्रा देण्यास जाणता पशुवैद्य कचरतो. या भीतीचे मूळ औषधापेक्षा मेंढीच्या पोटातच अधिक आहे.

मेंढी रवंथ करणारा प्राणी होय. तिच्या पोटाच्या पहिल्या, प्रशस्त कप्प्यात चारा अहोरात्र आंबत असतो. त्यातून निघणारा वायू ती जागेपणी ढेकरांवाटे बाहेर टाकते. गाढ भुलीत ढेकर थांबते, पोट फुगते आणि फुप्फुसांवर दाब पडून श्वास उथळ होतो. चाऱ्याचे पाणी घशाशी येते, लाळही गळतच राहते; त्यांतले काही श्वासनलिकेत उतरले, तर जीवावर बेतते. म्हणूनच ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्या मेंढीचा चारा १२ ते २४ तास बंद ठेवतात. तथापि अडलेल्या मेंढीच्या बाबतीत तेवढी सवड कोठून असणार?

यास्तव रानातला शहाणपणाचा मार्ग म्हणजे मेंढी जागी ठेवून डाव्या कुशीपुरती जागा बधिर करणे. लिग्नोकेन हे औषध त्यास पुरते. मात्र वजनाच्या दर किलोस ५-६ मिलिग्रॅमपुढे जाऊ नये, असा दंडक आहे. ३० किलोच्या मेंढीस दोन टक्क्यांचे औषध फार तर ९ मिलिलिटर चालते. सढळ हात येथे घातक ठरतो.

छातीच्या किंवा दीर्घ शस्त्रक्रियेस मात्र गाढ निद्रा टळत नाही. असे काम सुसज्ज पशुरुग्णालयातले. तेथे श्वासनलिकेत नळी घालून तिच्याभोवतीचा फुगा फुगवितात, म्हणजे लाळ आत उतरत नाही. तोंड घशापेक्षा खाली ठेवतात. मग यंत्र मेंढीकरिता श्वास घेते: दर किलोस सुमारे १० मिलिलिटर हवा, मिनिटास १२ ते २० वेळा. शस्त्रक्रिया आटोपल्यावर तिला छातीवर बसती करतात आणि ती गिळू लागेपर्यंत नळी काढीत नाहीत.

हवा किती जोराने भरावी, हा धडा मात्र मेंढीनेच माणसास दिला. १९८७ साली अमेरिकेत थिओडोर कोलोबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी मेंढ्यांच्या फुप्फुसांत यंत्राने अतिदाबाने हवा भरून पाहिली. दोन दिवसांच्या आत ती फुप्फुसे निकामी होऊ लागली. तारणारे यंत्रच मारकही ठरू शकते, हे त्यातून उमगले. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, फुप्फुसांच्या तीव्र विकाराच्या रुग्णांना लहान श्वास दिल्यास मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, असे दिसले.

आज अंबाजोगाईस असो वा मुंबईस, यंत्राच्या श्वासावर असलेल्या रुग्णास हवा बेताने दिली जाते, तीमागे या मुक्या जिवांचेही ऋण आहे. त्याची अंशतः फेड करावयाची, तर माळावरच्या मेंढीची भूलही तितक्याच काळजीने मोजून दिली पाहिजे.