पांजरपोळाची वाणी : मूक जीव, त्याचा मालक आणि समाज

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



जीवदया हा जैन समाजाचा प्राण. गावात मंदिर किंवा स्थानक उभे राहिले, की पाठोपाठ कबुतरांसाठी दाणे, गुरांसाठी पाण्याचा हौद आणि ऐपत आली की पांजरपोळ, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुंबईत इ. स. १८३२ मध्ये कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मोठा दंगा झाला. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. पारशी आणि जैन यांनी मिळून रचलेला तो पाया आजही भुलेश्वर परिसरात टिकून आहे.

पांजरपोळाच्या चाऱ्याची, औषधाची आणि देणगीची चर्चा नेहमी होते. पांजरपोळ ज्या शब्दांत समाजाशी बोलते, त्या शब्दांचा विचार मात्र क्वचितच होतो. दारात आलेल्या प्रत्येक जनावरामागे एक मालक असतो. त्याच्याविषयी संस्था काय बोलते, यावर पुढचे जनावर दिवसाउजेडी दाराशी येणार की रात्री महामार्गाच्या कडेला सोडले जाणार, हे ठरते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांचे चित्र पाहावे. घोड आणि भीमा या नद्या, धरण आणि कालवे यांमुळे बराच भाग बागायती झाला. ऊस आला, साखर कारखाने आले. गळीत हंगामात उसाचे वाढे मुबलक मिळते. हंगाम संपला की चैत्र-वैशाखात चारा महाग होतो. केंदूर-पाबळसारख्या जिरायती पट्ट्यात तर पाण्याचीच वानवा. शेतीत ट्रॅक्टर आल्याने बैलाचे काम कमी झाले आणि संकरित गाईच्या गोठ्यात गोऱ्हा जन्मला की त्याला काम उरले नाही. मार्च २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि बैल व वळू यांनाही संरक्षण मिळाले. जैन समाजाला याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु थकलेल्या बैलाला पोसण्याचा रोजचा खर्च त्या कायद्याने कमी झाला नाही. तो अल्पभूधारकाच्या माथी राहिला.

अशा शेतकऱ्याला फलकावर ‘निर्दय’, ‘पापी’, ‘कसायाचा साथीदार’ असे शब्द वाचावयास मिळाले, तर तो पांजरपोळाची पायरी चढेल काय? तो लाजेल. अंधारात दावे सोडून देईल. मग ते जनावर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर वाहनाखाली सापडेल, किंवा शिरूरच्या उसात बिबट्याच्या तोंडी जाईल. दोष देणाऱ्याचा हेतू दयेचा असतो. त्याचे फळ मात्र मुक्या जीवाला भोगावे लागते.

कुत्र्या-मांजरांचीही तीच कथा. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि दौंडच्या रेल्वेमुळे बदलीची माणसे येतात नि जातात. हौसेने आणलेले पिल्लू घर बदलताना मागे राहते. त्यांना चार महिने आधी कुणी आपुलकीने विचारले, तर दुसरे घर शोधता येते.

याचा अर्थ सर्व मालकांना एकाच मापाने मोजावे असा नव्हे. एक अडचणीतला मालक. त्याला आधार हवा. दुसरा बेफिकीर, त्याला समज हवी. तिसरा दयेचा व्यापार करणारा, संस्थेच्या दारात पुन:पुन्हा जनावरे लोटणारा किंवा छळ करणारा. त्याला कायदा हवा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार जनावरास पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे आणि सबळ कारणाविना त्यास वाऱ्यावर सोडणे हे गुन्हे आहेत. मात्र पहिल्या गुन्ह्यास तेथे सांगितलेला दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्याशा दंडाच्या धाकाने मन बदलत नाही. तेथे समाजाचा शब्दच उपयोगी पडतो.

जैन शास्त्राने या दोन्ही बाजू फार पूर्वी पाहिल्या आहेत. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे पाचही जनावराच्या धन्याला तंतोतंत लागू पडतात. त्याच ग्रंथात सत्याणुव्रताचेही पाच अतिचार आहेत. त्यांत खोटे लेख करणे, ठेव बुडविणे आणि दुसऱ्याचे गुपित उघड करणे हे येतात. ते जीवदया संस्थेने आरशासारखे समोर ठेवावेत. आणलेले जनावर ही ठेव आहे. नोंदवही खरी हवी. मालकाने संकोचत सांगितलेले कर्ज, आजारपण, घरची आपत्ती ही चौकात सांगण्याची गोष्ट नव्हे. साधूंसाठी सांगितलेली भाषासमिती श्रावकाच्या संस्थेलाही शोभून दिसेल.

मग व्यवहारात काय करावे?

पहिले, चारा संपण्याआधी, माघ-फाल्गुनातच आवाहन व्हावे. ‘जनावर सांभाळणे कठीण झाले असेल तर सोडू नका, आधी बोला,’ एवढे साधे वाक्य ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, दूध संकलन केंद्रावर आणि काष्टीसारख्या गुरांच्या बाजारात लागावे. ते शेतकऱ्याच्या मराठीत असावे. कित्येकदा महिनाभराचा चारा किंवा एकदा डॉक्टर मिळाला, की जनावर धन्याच्या गोठ्यातच राहते.

दुसरे, दाखल करताना कानातील बारा अंकी बिल्ल्याची नोंद घ्यावी; नाव मात्र गुप्त ठेवावे. छळाचा पुरावा असेल तेथे पोलिसांकडे जावे, गावगप्पांकडे नव्हे.

तिसरे, समाजाला खरा हिशेब द्यावा. किती आली, किती बरी झाली, किती दगावली आणि जागा किती उरली, हे लिहावे. २०२२ च्या लम्पी साथीत गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. अशा वेळी नवे जनावर का घेता येत नाही, हे स्पष्ट सांगितले तर रोष होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने नोंदणीकृत गोशाळांतील देशी गाईसाठी प्रतिदिन पन्नास रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. बैल, म्हैस, संकरित गाय यांचा भार त्यात येत नाही, हेही दात्यांना कळले पाहिजे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, घोडनदी आणि दौंडच्या बाजारपेठेत जैन कुटुंबांची आडत, किराणा, कापड यांची दुकाने आहेत. शेतकरी तेथे बी-बियाण्याच्या गरजेने येतो, उधारीचे बोलतो, मन मोकळे करतो. पांजरपोळाचा खरा फलक म्हणजे ते दुकान. गल्ल्यावर बसलेल्या श्रावकाने ‘बैल कसा आहे?’ एवढे विचारले, तरी एका जीवाचे प्राण वाचू शकतात. आणि त्याच गल्ल्यावर टोमणा निघाला, तर वर्षभराची देणगी वाया जाते.

पर्युषणाच्या अखेरीस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली जाते. त्यांत दावणीचा बैल आहे, तसा त्याचा हतबल धनीही आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी पांजरपोळाची दया चाऱ्याबरोबर शब्दांतूनही वाहो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!