पूजा आणि पारख

(विजयादशमीच्या शस्त्रपूजन कार्यक्रमात केलेले भाषण)



आत्ताच आपण शस्त्रांचे पूजन केले. हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले वाहिली. या मंगल प्रसंगी मी आपल्याशी जपानी तलवारींविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी काहींना प्रश्न पडेल, की आपला इतिहास शस्त्रांनी भरलेला असताना हे जपानचे प्रकरण कशाला? त्याचे कारण एका घरात घडलेल्या प्रसंगात आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. १९४५ साली जपानी सैन्य शरण आले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या तलवारी जमा झाल्या आणि त्यांतली एक आजोबांबरोबर घरी आली. दरवर्षी खंडेनवमीला तिची पूजा होई. काही वर्षांपूर्वी नातवाने मोठ्या भक्तिभावाने तिची मूठ उतरवली. मुठीच्या आतला पात्याचा भाग गंजून काळा पडला होता. त्याने तो पॉलिश पेपरने घासून चांदीसारखा लख्ख केला आणि कौतुकाने मला दाखवला. मी कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार, मला त्यातले काय कळणार? छायाचित्रे एका जाणकाराकडे पाठवली. उत्तर आले, 'ही तलवार कोणाची आणि केव्हाची, हे आता सांगणे फार कठीण आहे. जे सांगू शकले असते, ते घासून गेले.'

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

जपानी तलवार पारखणारा माणूस मूठ, म्यान, परज यांना भुलत नाही. ती सारी बदलता येतात. तो प्रथम पात्याचा आकार पाहतो. घोड्यावरून लढण्याच्या काळातील पाते लांब व चांगले बाकदार असे. सतराव्या शतकाच्या मध्यास, शांततेच्या काळात, बाक कमी झाला. नंतर तो पोलादाचा पोत पाहतो. पोलाद पुन्हा पुन्हा घडी घालून ठोकल्याने त्यात लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. तिसरी खूण पाण्याची. तलवारीला पाणी देणे हा शब्दप्रयोग आपल्या भाषेतही आहे. जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप चढवतो, तो धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड असतो. तापलेले पाते पाण्यात बुडवले की धार झटकन थंड होऊन कठीण बनते, पाठ मात्र चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर जी धूसर पांढरी रेषा उमटते, तिला 'हामोन' म्हणतात. प्रत्येक घराण्याचे हामोन वेगळे. आपल्याकडे गायकाचे घराणे जसे दोन आवर्तनांत ओळखतात, तसे तेथे हामोनवरून लोहाराचे घराणे ओळखतात.

आणि शेवटचा साक्षीदार म्हणजे मुठीत दडलेला भाग, 'नाकागो'. त्यावर लोहार आपली सही छिन्नीने कोरतो. त्यावर कानशीच्या खुणा असतात आणि त्यांची तऱ्हाही घराण्यागणिक ठरलेली असते. त्यावर शतकानुशतके चढलेला काळपट, गुळगुळीत गंज असतो. तिथला शिकलगार पात्याला आठवडेच्या आठवडे ओप देतो, पण नाकागोला हात लावत नाही. आम्लाने चढवलेला नकली गंज लालसर आणि खडबडीत दिसतो आणि जाणकाराच्या नजरेला लगेच खटकतो. आमच्या परिचयातल्या त्या मुलाने घासून काढला तो मळ नव्हता, तो दाखला होता.

बंधूंनो, जिथे आदर असतो तिथे खोटेपणाचा बाजारही भरतो. सतराव्या शतकात नागासोने कोतेत्सू नावाचा थोर लोहार होऊन गेला. तो मुळात चिलखते घडवणारा, उतारवयात तलवारीकडे वळला. त्याच्या नावाच्या इतक्या नकली तलवारी निघाल्या, की कोतेत्सूची सही दिसली तर आधी नकलीच समजावी, असे तेथील संग्राहक म्हणतात. उलट, तेराव्या-चौदाव्या शतकांतील महान कारागीर मासामुने याच्या बहुतेक तलवारींवर सहीच नाही. म्हणजे सही आहे म्हणून अस्सल नव्हे आणि सही नाही म्हणून टाकाऊही नव्हे. पुढच्या पिढ्यांनी लांब तलवारी मुठीच्या बाजूने कापून आखूड केल्या, त्यातही कित्येक सह्या गेल्या.

ही पारख होनामी नावाच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या सांभाळली. तलवारींना ओप देणे आणि त्या तपासणे हा त्यांचा कुलधर्म. ते घडी घातलेल्या कागदावर प्रमाणपत्र देत, त्याचे नाव 'ओरिगामी'. आपली मुले कागदाचे पक्षी करतात, तोच हा शब्द. जपानी भाषेत 'ओरिगामी असलेला' म्हणजे खात्रीचा, असा अर्थ आजही रूढ आहे. पण याच घराण्याची उत्तरकाळातील प्रमाणपत्रे सैल झाली. म्हणून संग्राहक आजही होनामींचे जुने कागद मानतात आणि नंतरच्यांकडे सावधपणे पाहतात. मोठ्या नावालाही तपासणी चुकत नाही.

या साऱ्याची खरी कसोटी १९४५ साली लागली. जपान पराभूत झाला आणि विजेत्यांनी शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. त्यांच्या दृष्टीने सगळ्या तलवारी सारख्याच. युद्धकाळात कारखान्यांतून निघालेली हजारो पातीही तलवारीच आणि सातशे वर्षांपूर्वीचे राष्ट्रीय ठेवेही तलवारीच. तोकुगावा घराण्याची 'होन्जो मासामुने' ही १९३९ साली राष्ट्रीय ठेवा ठरलेली तलवार त्या वर्षाअखेरीस टोकियोतील मेजिरो पोलीस ठाण्यात जमा झाली. जानेवारी १९४६ मध्ये ती एका अमेरिकन सैनिकाच्या हाती गेल्याची नोंद आहे. पुढे तिचा मागमूस लागलेला नाही.

अशा वेळी होम्मा जुन्जी यांच्यासारखे अभ्यासक अमेरिकन अधिकारी कर्नल कॅडवेल यांच्याकडे गेले. सर्व तलवारी आमच्या परंपरेच्या आहेत, म्हणून सर्व सोडा, असे ते म्हणाले असते तर कोणी ऐकले नसते. त्यांनी कलावस्तू कोणती आणि निव्वळ हत्यार कोणते, हे वेगळे करून दाखवले. कॅडवेल यांना ते पटले. तपासणीची व्यवस्था झाली आणि कलामूल्य असलेल्या तलवारी वाचल्या. टोकियोत आकाबाने येथे जमा झालेल्या ढिगातून पाच हजारांहून अधिक तलवारी निवडून राष्ट्रीय संग्रहालयाकडे सोपवल्या गेल्या. पराभूत राष्ट्राच्या हाती दुसरे बळ उरले नव्हते. ज्ञान तेवढे उरले होते आणि तेच कामी आले.

१९४८ साली याच अभ्यासकांनी तलवारींच्या जतनासाठी संस्था स्थापन केली. आज ती पात्यांची परीक्षा करून दर्जानुसार प्रमाणपत्रे देते. सही खोटी ठरली तर प्रमाणपत्र मिळत नाही, पाते कितीही देखणे असो. अनेक मालक मग ती सही काढून टाकून निनावी पाते पुन्हा परीक्षेला पाठवतात. १९७७ पासून ही संस्था शिमाने प्रांतात जुन्या पद्धतीच्या भट्टीत लोहवाळूपासून पोलाद तयार करून आजच्या लोहारांना पुरवते. म्हणजे परंपरा केवळ काचेच्या पेटीत राहिली नाही.

पारखीचे आणखी एक फळ सांगतो. कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाची, तेराव्या शतकातील कुनिमुने याने घडवलेली तलवार युद्धानंतर नाहीशी झाली होती. कॉम्प्टन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने अमेरिकेत ती विकत घेतली. आपल्या हाती काय आले आहे, हे उमगल्यावर १९६३ साली त्यांनी मोबदला न घेता ती देवस्थानाला परत केली. पात्याचा दाखला शाबूत होता, म्हणूनच देवाची वस्तू देवाकडे परत जाऊ शकली.

आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट या पात्यांवर आहे. अनेक जपानी तलवारींवर संस्कृत बीजाक्षरे कोरलेली असतात. बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीतील ही अक्षरे अचल या देवतेची, अन्य देवतांची प्रतीके आहेत. आपली अक्षरे त्यांनी इतक्या श्रद्धेने पोलादावर जपली. आपण आपल्या पोलादाचे काय केले?

२०२४ साली लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली, तेव्हा ती खुद्द छत्रपतींनी वापरली हे सिद्ध करता येत नाही, अशी त्या संग्रहालयाचीच भूमिका होती. काहींना त्याचा राग आला. माझी नम्र सूचना अशी, की अशा वेळी रागावण्याऐवजी आपण कागद मागावेत, धातू तपासावा, नोंदी शोधाव्यात. महाराजांचे मोठेपण एखाद्या शस्त्राच्या दाखल्यावर अवलंबून नाही. म्हणूनच तपासणीला भिण्याचे आपल्याला कारण नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पूर्वजांचे एखादे शस्त्र असेल. पुढच्या खंडेनवमीला ते चिंच-विटकरीने घासण्यापूर्वी थांबा. त्यावरची अक्षरे, ठसे, खुणा यांची छायाचित्रे घ्या. ते कोणाकडून, कोठून आले, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहा, पाहिलेले ते पाहिलेले म्हणून लिहा. मग खुशाल हळदकुंकू वाहा.

त्या घरातील तलवार आजही देव्हाऱ्याजवळ आहे. ती कदाचित युद्धकाळातल्या कारखान्यातली असेल. कदाचित एखाद्या जपानी घराण्याने पिढ्यान् पिढ्या जपलेले आणि लष्करी मुठीत बसवून मुलाबरोबर रणावर धाडलेले पाते असेल. त्या दुसऱ्या शक्यतेने आजोबांचा नातू अजून अस्वस्थ होतो. पूजेत त्याची कसूर नव्हती, पारख तेवढी कोणी शिकवली नव्हती. ती आपण आपल्या मुलांना शिकवूया, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.