न्यायसहायक विज्ञान : एका पंचाची साक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत जबलपूर येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत आणि पानिपत यांवर भाषणे झाली. तेथे रक्ताचे डाग, विष आणि बोटांचे ठसे हा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस संकोच वाटतो. त्यातून आम्ही साधे बी. ए.; विज्ञानाशी आमची फारकत शाळेतच झाली. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटले, आमच्या घरात जो वाद गाजला त्याच्यावरच बोलू द्याल तर येतो.

वादाचे कारण आमची धाकटी कन्या. बारावीला बरे गुण मिळवून तिने जाहीर केले की तिला सागर विद्यापीठात फॉरेन्सिक सायन्सची पदवी घ्यायची आहे. मातोश्रींनी हातातली जपमाळ खाली ठेवली. म्हणाल्या, "अरे, पोरीला मुडदे चिरायला पाठवणार का?" पुण्याहून मेहुण्यांचा फोन आला, "भाऊसाहेब, हे खूळ वेळीच काढा. उद्या स्थळे सांगून येतील, तेव्हा काय सांगाल?" सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत, आणि तेच आम्हांस अधिक जड गेले.

मातोश्रींचा गैरसमज सार्वत्रिक आहे, म्हणून तो आधी दूर करतो. शवविच्छेदन हे डॉक्टरांचे काम. त्या शास्त्राला न्यायवैद्यक म्हणतात आणि त्यासाठी आधी एम. बी. बी. एस. व्हावे लागते. कन्या शिकते ते न्यायसहायक विज्ञान. घटनास्थळी सापडलेला केस, काडतूस, रक्ताचा थेंब, विषाचा अंश, संशयित सही, अलीकडे मोबाईल फोनसुद्धा, या वस्तूंचे परीक्षण करून न्यायालयाला त्यांचा अर्थ सांगणे, एवढा त्याचा प्रांत. मुडद्याशी गाठ पडली तरी ती बहुधा सीलबंद बरणीपुरती.

हे शास्त्र परदेशातून आयते आले असे मानण्याचेही कारण नाही. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या कंत्राटावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने नाकबूल होऊ नये एवढाच हेतू. सरकारी कागदाने शास्त्राला जन्म दिल्याचे हे उदाहरण आम्हां कारकुनी जमातीला सुखावणारे आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गीकरणाला नाव मिळाले एडवर्ड हेन्री यांचे, पण त्यामागचे बरेच कष्ट अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या हाताखालच्या दोघांचे होते. कचेरीत असे होतच असते. विद्यापीठीय शिक्षणाचा मान स्वित्झर्लंडमधील लोझानचा. तेथे १९०९ मध्ये राइस यांनी पोलीसशास्त्राची संस्था काढली. आपल्याकडे तो दिवस १९५९ मध्ये उगवला, आणि उगवला तो डॉ. हरिसिंग गौर यांनी स्थापन केलेल्या सागर विद्यापीठात. गोविंदपंत बुंदेल्यांचे हे सागर. मराठी माणसाला ते परके नाही.

परंतु आम्ही शेवटी कन्येच्या बाजूने कौल दिला तो इतिहास वाचून नव्हे. त्याचे कारण एका कोर्टातली एक दुपार.

बऱ्याच वर्षांपूर्वी लाचलुचपतीच्या एका सापळ्यात स्वतंत्र साक्षीदार म्हणून आमची नेमणूक झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत हे केव्हातरी वाट्याला येतेच. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड लावलेली होती. ती बोटांना लागलेला माणूस धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोटे बुडवतो आणि पाणी गुलाबी होते. तसे ते आमच्या डोळ्यांदेखत झाले. पाणी बाटलीत भरले, लाखेचे सील लागले, चिठ्ठीवर आम्ही सही केली आणि घरी येऊन जेवलो. बालपणी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर पोसलेले आमचे मन त्या रात्री फार प्रसन्न होते.

खटला उभा राहिला तो काही वर्षांनी. बचावपक्षाच्या वकिलांनी तीच बाटली आमच्यापुढे धरली. आतले पाणी जवळजवळ पाण्याच्याच रंगाचे. "चिठ्ठीवरची सही आपली?" होय. "आपण गुलाबी रंग पाहिला म्हणता. मग तो गेला कुठे?" आम्ही बाटलीकडे पाहिले, न्यायाधीशांकडे पाहिले. उत्तर नव्हते. खरे बोलणारा मनुष्य अज्ञानामुळे कसा लबाड दिसतो, हे पिंजऱ्यात उभे राहिल्यावाचून कळत नाही. घाम पुसायला रुमाल काढला तर वकीलसाहेब म्हणाले, "सावकाश."

आमच्यानंतर प्रयोगशाळेच्या परीक्षक आल्या. तिशीच्या आतल्या असाव्यात. त्यांनी शांतपणे सांगितले की हा रंग काळाने उडतो, पदार्थ मात्र राहतो. बाटली आली त्या दिवशी सील शाबूत होते, नमुन्याच्या सीलशी जुळत होते, आणि पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन व सोडा दोन्ही आढळले. प्रत्येक वाक्याला तारखेचा आधार होता. आमचा जीव भांड्यात पडला. सरकारी वकिलांना मात्र उत्साह आवरेना. "म्हणजे आरोपीने नोटा हाती घेतल्याच, नाही का?" बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. बाटलीत काय होते एवढेच मी सांगू शकते." सरकारी वकिलांचा चेहरा उतरला.

निकालाचे येथे प्रयोजन नाही. पण आमच्या सेवेच्या सगळ्या वर्षांत, जिथे ज्याला त्याला प्रत्येक फाईलवर पानभर अभिप्राय लिहिण्याची हौस, तिथे आपल्या माहितीच्या कुंपणाशी येऊन थांबलेला असा अधिकारी आम्ही क्वचित पाहिला. कन्येने विषयाचे नाव काढले तेव्हा आम्हांस झुंजार आठवला नाही. त्या बाई आठवल्या.

आता पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. पदवीच्या अभ्यासक्रमात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांचा पाया असतो. त्यावर ठसे, हस्ताक्षर, शस्त्रे, विषे, रक्त व डीएनए आणि सोबत कायदा. कन्येला पहिला मोठा धडा मिळाला तो बनावट घटनास्थळाच्या खोलीत. आधी कशालाही हात लावायचा नाही. छायाचित्र, नकाशा, मोजमाप, आणि मग एकेक वस्तू वेगळ्या पाकिटात. रक्ताने ओला झालेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचा नाही, तो कुजतो. सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची नोंद तुटली की उत्तमातले उत्तम परीक्षणही फुकट. घरात साधी वाण्याची यादी न जपणारी ही मुलगी आता बसच्या तिकिटावर तारीख घालून ठेवते.

२०२० च्या कायद्याने गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झाले; त्याची एक शाखा गोव्यात आहे. महाराष्ट्र शासनाच्या संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, म्हणजे ज्यांचे आप्त तिकडे आहेत त्यांची सोय झाली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आवश्यक केले आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. माणसे लागणार, हे उघड आहे. परंतु म्हणून पदवी मिळाली की नोकरी ठेवलेलीच, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. प्रयोगशाळांच्या अनेक जागांना पदव्युत्तर पदवी लागते, काही ठिकाणी रसायनशास्त्राची किंवा जीवशास्त्राची मागतात. तेव्हा भरतीच्या जुन्या जाहिराती काढून अटी वाचाव्यात. मागणी पाहून निघालेल्या महाविद्यालयांत प्रवेश घेण्यापूर्वी प्रयोगशाळा उघडायला लावून आत जाऊन पाहावी. पत्रकावरची सूक्ष्मदर्शके छापायला काही फारसा खर्च येत नाही.

मेहुण्यांची समजूत अजून पटलेली नाही. मातोश्रींचे निराळे झाले. त्यांना निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. चार वेळा दाबून पाहतात, मग कारकून आमच्याकडे पाहतो. गेल्या दिवाळीत कन्या कटनीमार्गे घरी आली, तेव्हा आजीची तक्रार ऐकून तिने शाईची पट्टी आणि भिंग काढले. वयाने कातडी कोरडी होते आणि हातांच्या कामाने रेषा झिजतात, तरी दहा बोटांत एखादे बोट बरे निघते, असे तिने सांगितले. ओसरीवर पाट मांडून दोघी बसल्या. मातोश्रींनी निमूटपणे एकेक बोट पुढे केले. भांडी, जाते आणि वाळवणे यांत गेलेले ते हात आम्ही इतक्या जवळून प्रथमच पाहिले. उजव्या हाताचे मधले बोट स्वच्छ उमटले.

"शंख किती आणि चक्रे किती गं?" मातोश्रींनी विचारले.

कन्येने भिंग बराच वेळ धरले. "तीन चक्रे आहेत, आजी. सहा शंख. आणि या अंगठ्याचे मला सांगता येत नाही."