श्वानरुदन
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



रात्री कुत्रे रडू लागले की ती मरणाची सूचना, ही आपली जुनी समजूत. २००९ च्या हिवाळ्यात, दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत, आई अत्यवस्थ असताना मीही काठी घेऊन धावलो होतो. फाटकाशी एक कुत्री मान उंचावून हेल काढीत होती. तिची पिले दुपारी कुणी पोत्यात घालून नेल्याचे चौकीदाराने सांगितले. काठी हातातच राहिली.

हा प्राणी लांडग्याच्या कुळातला. दुरावलेल्या सोबत्यांना हाक घालताना लांडगा असाच दीर्घ स्वर लावतो. तो फार लांबवर पोचतो. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकून कुत्री सूर धरतात, तीही बहुधा हीच जुनी खोड. शिकारीतली उत्सुकता, क्रोध, कोंडल्याची निराशा, फिरायला निघतानाचा आनंद, दार उघडण्याची विनवणी असे कुत्र्याच्या आवाजांतले भेद डार्विनने १८७१ मध्येच नोंदविले आहेत. आपल्या मराठीतही भुंकणे, गुरगुरणे, केकाटणे, विव्हळणे हे शब्द काय कमी नेमके आहेत? या लांब हाकेला तेवढे आपण 'रडणे' म्हणून बसलो.

आई त्या दुखण्यातून उठली. कुत्री मात्र आणखी तीन रात्री फाटकाशी येत राहिली.