वाद्यावरची लाख



युनियनचा माणूस सतारीच्या पॉलिशवर काय बोलणार, असे आपणांस वाटले असेल. वाटणे साहजिक आहे. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या वस्तीत. रागदारीतले मला कळत नाही. परंतु एखादी वस्तू कोणी केली आणि किती दिवसांत केली, हे विचारण्याची खोड मात्र मला आहे. मत्स्योदरीच्या या गावात कीर्तन-भजनाला तोटा नाही. तेव्हा वीणेकऱ्याच्या गळ्यातील वीणा पाहाल त्या वेळी तारा सोडून जरा भोपळ्याच्या पाठीकडे पाहा. तिथे जी चमक दिसते ती एका कीटकाची आणि एका मजुराची आहे.

कीटक मुंगीहूनही लहान. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर तो रस शोषतो आणि अंगावर राळेचे कवच करतो. असे लक्षावधी जीव एकत्र असतात म्हणून ती लाख, अशी व्युत्पत्ती सांगतात. फांदीवरून खरवडलेली लाख धुतात, कापडाच्या लांब पिशवीत भरून भट्टीसमोर पिळतात, आणि वितळून आलेला लगदा ताणून पातळ पापुद्रे करतात. हाच चपडा. आपल्या गोंदियाचे नावच गोंद आणि लाख यांवरून पडले असे सांगतात. या लाखेवर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकूम येथे 1924 साली निघाली. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतही लाखच असे. म्हणजे मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज ज्या तबकडीत उतरला तीत लाख, आणि त्यांच्या मागे वाजणाऱ्या तंबोऱ्यावरही लाखच. मला ही गोष्ट फार गोड वाटते.

मिरजेचा धंदा शिकलगारांचा. तलवारींना पाणी देणाऱ्या या घराण्यांतील फरीदसाहेबांनी 1850 च्या सुमारास वाद्ये घडवावयास प्रारंभ केला. शस्त्रे गेली, घासण्या-उजळण्याची हातोटी राहिली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, लाकूड बहुधा तुणीचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल.

नेहमीचे पॉलिश आरशासारखे गुळगुळीत. मी पाहिले ते निराळे होते. एक पॉलिशवाला भोपळ्याच्या पाठीवर दाणेदार पोत काढीत होता. लिटरभर स्पिरिटात पावशेराच्या आत चपडा भिजवून, फडक्याने गाळून, आधी दोन पातळ हात दिले. मग दुप्पट चपड्याचे दाट द्रावण लावले, आणि ते ओढू लागताच फडक्याचा बोळा सरळ दाबून सरळ उचलला. घासायचा नाही, घासला की दाणा मोडतो. प्रत्येक उचलीस बारीक टेंगळे उभी राहतात. ती वाळू द्यायची, पुन्हा तोच खेळ. शेवटी पॉलिशपेपरने माथे तेवढे मारायचे, खळग्यांत गडद रंग भरायचा, आणि जवसाच्या तेलाचा थेंब घेऊन पातळ हात फिरवायचा. उजेडात तो भोपळा जुन्या झाडाच्या सालीसारखा दिसू लागला.

मी विचारले, "सगळ्या वाद्यालाच का करीत नाही?" तो हसला. "साहेब, दांडीवर हात सरकायला हवा, आणि तबलीवर जाड थर बसला तर आवाज दबेल." हा पोत पाठीपुरता. भोपळ्याचे डाग त्याखाली झाकतात, हेही त्याने न लपवता सांगितले. पावसाळ्यात हे काम जपून करावे लागते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश पांढुरके पडते. उलट लाखेचा एक मोठा गुण असा की जुना थर स्पिरिटात पुन्हा विरघळतो. ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो, नवा हात जुन्यात मिसळतो. फवारून मारलेल्या कृत्रिम रंगाचे बहुधा तसे नाही. पण तो झटपट वाळतो, म्हणून कित्येकांना तो परवडतो.

आता माझ्या धंद्याकडे येतो. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तीही माल रचून बंद. बाजारच्या स्पिरिटात विषारी मिथिल अल्कोहोल मिसळलेले असू शकते. त्याची वाफ दिवसभर नाकात जाणे डोळ्यांनाही घातक. शिवाय दर नगावर. गुळगुळीत असो की दाणेदार, वहीत 'पॉलिश एक' एवढेच. दाणेदार कामाला चार दिवस जातात, साध्याला दोन.

गिरणीतल्या घोषणा इथे चालत नाहीत. मालक आणि मजूर एकाच चटईवर बसतात, पुष्कळदा एकाच घरचे असतात. त्या मालकालाही व्यापारी ठरवील तोच भाव. आम्ही तिघे चहा पीत बसलो आणि हिशेब मांडला: चपडा किती, स्पिरिट किती, दिवस किती. मालकाला स्वतःलाच आकडा नवा होता. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने पोताचे काम वेगळे सांगितले. गिऱ्हाइकाने थोडी घासाघीस केली आणि दिले. वहीत 'पॉलिश, दिवस चार' अशी ओळ आली. खिडकीपुढचा माल मात्र मी शेवटचा गेलो तेव्हाही तिथेच होता.