सनद एकदा, अभ्यास नित्याचा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे केलेले भाषण)



आपल्या संस्थेने आजवर विद्यार्थ्यांना पुस्तके दिली, गरजूंना औषधे दिली. अशा संस्थेच्या उत्सवात बोलण्यासाठी आम्ही 'व्यापारी दावे चालविणाऱ्या वकिलांचे चालू शिक्षण' हा विषय निवडला, तेव्हा एका विश्वस्तांनी हसत विचारले, "वकिलांना शिकविणे हा धर्मादाय कसा काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांस आमचीच एक चूक कबूल करावी लागेल.

2023 सालची गोष्ट. कापड बाजारातील एक मध्यम व्यापारी आमच्याकडे आले. त्यांच्यावर मालाच्या किमतीपोटी सुमारे 11 लाख रुपयांचा दावा लागला होता. मालात डाग निघाले म्हणून निम्म्याहून अधिक गाठी त्यांनी परत पाठविल्या होत्या, आणि त्याची बिल्टी जपून ठेविली होती. ती बिल्टी त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या टेबलावर ठेविली. आम्ही वकीलपत्र दाखल केले, आणि तीस वर्षांच्या सवयीप्रमाणे कैफियतीसाठी, म्हणजे इकडच्या कचेरीच्या भाषेत जवाबदाव्यासाठी, तारखा घेत राहिलो.

साध्या दिवाणी दाव्यात 90 दिवस उलटले तरी सबळ कारण दाखविल्यास न्यायालय कैफियत घेऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये तसे सांगितले आहे. आमचे ज्ञान तेथेच थांबले होते. हा दावा मात्र 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्याखालचा होता. त्यात समन्स पोचल्यापासून 30 दिवस, आणि न्यायालयाने सवलत दिली तर फार तर 120 दिवस; त्यापुढे कैफियत देण्याचा हक्कच संपतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत अनुल्लंघनीय ठरविली. आम्ही कैफियत घेऊन उभे राहिलो ते 134 व्या दिवशी.

हा कायदा मोठमोठ्या कंपन्यांसाठी आहे, अशी आमची समजूत होती. आरंभी ती काही अंशी खरीही होती, कारण मर्यादा 1 कोटीची होती. पण 2018 मध्ये ती 3 लाखांवर आली, आणि सियागंजातल्या किराणा दुकानदाराची उधारीही या कायद्याच्या कक्षेत येऊ लागली. न्यायाधीश ओळखीचे, दालन ओळखीचे. म्हणून कायदाही ओळखीचाच, असे आम्ही धरून चाललो.

अखेर तडजोड झाली. परत केलेल्या मालाचेही बरेचसे पैसे त्या गृहस्थांना भरावे लागले. आम्ही आमची फी परत केली. पण फी म्हणजे काही नुकसानभरपाई नव्हे. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, बिल्टी तर मी पहिल्याच दिवशी दिली होती." हे वाक्य आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

मंडळी, अशी चूक एकट्या आमचीच होईल असे नाही. ज्याने 1985 च्या सुमारास सनद घेतली त्याच्या कपाटाकडे पाहा. लवादाचा 1940 चा कायदा गेला, 1996 चा आला. कंपन्यांचा 1956 चा कायदा जाऊन 2013 चा आला. 2016 मध्ये दिवाळखोरीची नवी संहिता आली, 2017 च्या 1 जुलैपासून वस्तू व सेवा कर सुरू झाला. 1872 चा पुरावा कायदासुद्धा 1 जुलै 2024 रोजी भारतीय साक्ष्य अधिनियमाला जागा देऊन गेला. आता व्यापाऱ्याची मागणी मोबाईलवर येते आणि बिल संगणकावर निघते. त्यांची प्रत पुराव्यात द्यावयाची तर कलम 63 प्रमाणे दोन भागांचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यातील दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो.

वादीच्या वकिलालाही चैन नाही. तातडीचा अंतरिम हुकूम मागावयाचा नसेल, तर अशा दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग चोखाळणे सक्तीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तसा निर्णय दिला. ती पायरी चुकली तर दावा दारातूनच परत फिरतो.

आणि सांवेर रोडवरच्या लहान कारखानदाराचे उदाहरण घ्या. नोंदणी केलेल्या लघु उद्योजकाचे पैसे 45 दिवसांपलीकडे अडविता येत नाहीत. अडविल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मिळते. हा 2006 चा कायदा ठाऊक नसलेला वकील साध्या व्याजाची नोटीस पाठवितो, आणि अशील बिचारा त्याचे आभार मानतो!

चार्टर्ड अकौंटंटांना ठरावीक तासांचे चालू शिक्षण घ्यावेच लागते. वकिलांना सनदेच्या प्रारंभी एक परीक्षा आहे. पुढे दरवर्षी इतके तास शिकलेच पाहिजे, असे देशभराचे बंधन नाही. तथापि केवळ तास मोजून विद्या येते असेही नव्हे. इंग्लंडात सॉलिसिटरांना वर्षाला 16 तासांचा नियम होता. 2016 मध्ये तो काढून, आपल्या कामात काय उणे आहे ते ज्याने त्याने पाहावे आणि ते भरून काढावे, अशी पद्धत आणली. आम्हांस हाच विचार ग्राह्य वाटतो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. संस्थेच्या वाचनालयात महिन्यातून एका शनिवारी सायंकाळी दोन तास जागा द्यावी. प्रत्येक बैठकीत मूळ कायद्यातील एक कलम शब्दशः वाचावे, एका नव्या निवाड्याची चर्चा करावी, आणि एक नोटीस, करार किंवा कैफियत प्रत्येकाने स्वतः लिहून इतरांकडून तपासून घ्यावी. कधी हिशेबनीसाला बोलवावे, कधी बँकेतल्या अधिकाऱ्याला, कधी ट्रान्सपोर्टवाल्याला. बिल्टी कशी बनते हे आम्हांला त्याच्याइतके कोण सांगणार? तरुणांनी ज्येष्ठांना संगणकाचा पुरावा शिकवावा, ज्येष्ठांनी तरुणांना उलटतपासणी शिकवावी. प्रमाणपत्रे नकोत, हारतुरे नकोत. फक्त एक नियम असावा: दर बैठकीस एकाने आपली एक चूक, अशिलाचे नाव न घेता, सांगावी. पहिल्या बैठकीची चूक आम्ही आजच सांगून टाकली आहे.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर. मोठ्या कंपनीजवळ वकिलांची फौज असते. एकट्याने वकिली करणाऱ्याकडे येतो तो लहान दुकानदार, लहान कारखानदार, पापड-मसाल्यांचा उद्योग चालविणारी भगिनी. वकिलाच्या अज्ञानाचा दंड वकील भरीत नाही, तो ही माणसे भरतात. तेव्हा हे दान वकिलांना नाही, त्यांच्या अशिलांना आहे.