रंगांतून संस्कार : पाठशाळेतील बालकला
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दरूप)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी गेल्या पन्नास वर्षांच्या कार्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु पुढील पन्नास वर्षे ज्यांच्या हाती जावयाची आहेत, ती बालके आज पाठशाळेत बसलेली आहेत. णमोकार मंत्र आणि चोवीस तीर्थंकरांची नावे त्यांना मुखोद्गत आहेत. मुखात आलेले हे धन हातांत केव्हा उतरणार, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

जैन परंपरेला कला परकी नाही. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकाची लेणी याची साक्ष देतात. तमिळनाडूतील सित्तन्नवासल येथील गुंफेच्या छतावर कमळांचे सरोवर रंगविलेले आहे. त्यात मासे, पक्षी, हत्ती आणि कमळे वेचणारी माणसे एकत्र नांदतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही दहावीपर्यंत कलाशिक्षणाचा आग्रह धरला. पाठशाळेने तर याचा अधिक आदराने विचार करावयास हवा.

पहिली ते चौथीच्या बालकांसाठी षट्‌लेश्यांचे चित्र हा उत्तम उपक्रम होय. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या 'गोम्मटसार' ग्रंथात फळांनी लगडलेल्या वृक्षाचा आणि सहा वाटसरूंचा दृष्टान्त आहे. कृष्ण लेश्येचा वाटसरू वृक्ष मुळापासून उपटू पाहतो, नील लेश्येचा खोड तोडू पाहतो, कापोत लेश्येचा फांदी आणि पीत लेश्येचा डहाळी. पद्म लेश्येचा केवळ फळे तोडण्याचा विचार करतो, तर शुक्ल लेश्येचा खाली पडलेल्या फळांवर संतुष्ट राहतो. सहा मुलांच्या गटाने एक मोठा वृक्ष काढावा आणि प्रत्येकाने एक वाटसरू त्याच्या रंगात रंगवावा. पांढऱ्या कागदावर पांढरा वाटसरू दिसत नाही, ही अडचण मुलांना लगेच जाणवते. शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. भोवतालची जमीन रंगविली की तो उठून दिसतो, हे मुले स्वतःच शोधून काढतात.

याच दृष्टान्ताला जोडून दुसरा उपक्रम घेता येतो. गळून पडलेली पाने व पाकळ्या वेचून चिकटचित्र तयार करावे. झाडाचे एकही पान तोडू नये. पान उचलताना त्याखाली कीटक नाही ना, हे पाहावे. चिकटविण्यासाठी कणकेची ताजी खळ वापरावी आणि उरलेली खळ पुसून घ्यावी, म्हणजे मुंग्या येऊन त्यांचा घात होणार नाही. प्राण्यांच्या केसांच्या कुंचल्याऐवजी कापसाचा बोळा किंवा कृत्रिम तंतूंचा कुंचला घ्यावा. अशा रीतीने यत्नाचार हा शब्द व्याख्येतून बाहेर येतो आणि बोटांना कळतो.

तीर्थंकरांचे चित्र असलेला कागद पुढे पायदळी जाण्याचा संभव असतो. असा अविनय टाळण्यासाठी लहान मुलांना लांछने काढण्यास द्यावीत. आदिनाथांचा वृषभ, अजितनाथांचा हत्ती, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह अशी पत्रे तयार होतात आणि ओळखण्याचा खेळही रंगतो.

एका दोषाचा उल्लेख मात्र टाळता येणार नाही. स्पर्धेच्या दिवशी पुष्कळदा चित्र पालकांच्या हातचे असते आणि नाव बालकाचे. परीक्षक सुबक चित्राला बक्षीस देतात. ज्याने स्वतः वाकडातिकडा वृषभ काढलेला असतो, तो मूल मागे पडतो आणि हळूहळू पाठशाळेतूनही दूर होतो. अहिंसेचे चित्र असत्याने रंगविण्यात कोणता संस्कार साधला? यासाठी स्पर्धेऐवजी प्रदर्शन भरवावे. प्रत्येक बालकाचे चित्र लावावे आणि त्यामागील विचार त्याच्याच तोंडून ऐकावा.

सुवर्णमहोत्सवानिमित्त न्यासाने सभागृहाची एक भिंत बालकांच्या चित्रांसाठी राखून ठेवल्यास तो चिरंतन ठेवा ठरेल. तेथील रेषा वाकड्या असोत. त्या बालकांच्या स्वतःच्या असाव्यात, एवढीच अपेक्षा.

जय जिनेंद्र!